निपल खाली, हवा वर: घरी ब्रेकचं काम केल्यावर मऊ पडलेलं पेडल

चवथीला अकरा दिवस उरले होते. संध्याकाळी बांदोड्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, ब्रेकचं काम पुरं झालं, पण पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातंय. दोन दिवस हवा काढतोय, काडीचा फरक नाही. येशील?"

गाडी कुठे आहे, हे मी आधी विचारलं. अंगणात होती. वाड्यातल्या उतारापर्यंत त्याने ती नेऊन पाहिली होती. तिथे पेडल तळाला टेकायला आलं तसा त्याने हॅण्डब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये बंद केली आणि शेजारच्या दोघांना घेऊन ढकलत परत आणली. हे ऐकून मला बरं वाटलं. बांदोड्याहून पणजीच्या वाटेला लागायचं तर फर्मागुडीचा चढ आणि पलीकडे मंगेशीच्या बाजूचा उतार आहेच. "दोन-तीनदा पंप मारला की लागतो ब्रेक, तेवढ्यावर जाऊन येऊ" असं म्हणून त्या उतारावर गाडी घालणारी माणसं मी पाहिली आहेत. पंप मारून लागणारा ब्रेक हा ब्रेक नव्हे. समोर अचानक गुरं आली तर दुसऱ्यांदा पाय मारायला वेळ मिळत नाही.

मी कुंडईतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीवर आहे. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, पण तेल, सील आणि हवा यांचं भांडण रोजचं आहे. ही हकिगत सविस्तर लिहितोय ती एका कारणासाठी. ब्रेकचं काम घरी केल्यावर पेडल मऊ लागलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा पुन्हा काढतात. तरी मऊ, मग पुन्हा काढतात. या गाडीत त्या हट्टानेच एक नवा बिघाड तयार झाला. "मऊ पेडल" ही एक तक्रार वाटते, पण पायाला ती तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी कळते आणि तिन्हींची कारणं वेगळी असतात. पाना हातात घेण्याआधी पायाला नीट विचारलं असतं तर दोन दिवस आणि एक मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा जोर तेलाच्या दाबात बदलणारा भाग, वाचला असता.

गाडी आणि झालेलं काम

पंधरा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. भाचा वर्षभर पुण्यात कामाला होता, तेवढा काळ गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. आपल्याकडचा एक आख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला की लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. परत आला तेव्हा पुढचं उजवं चाक हलेना. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन आतच गंजून बसलेला. त्याने पुढचे दोन्ही कॅलिपर नवे आणले, नवे पॅड घातले, मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे) बदलले आणि जुनं ब्रेक ऑइल काढून दुसरं भरलं. पोरगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला आहे, हात चांगला आहे. नट-बोल्ट सगळे नीट आवळलेले होते, डिस्क स्वच्छ पुसलेल्या होत्या, पॅडच्या मागे लावायचं ग्रीससुद्धा मोजकं आणि योग्य जागी होतं. कामात हलगर्जीपणा कुठेच नव्हता. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

हवा काढताना पेडलवर बसली होती ताई, म्हणजे माझी थोरली बहीण. भाचा चाकाजवळून ओरडायचा "दाब!" आणि ती जीव खाऊन पेडल तळापर्यंत दाबायची. दोन संध्याकाळ हे चाललं. ही गोष्ट ताईने मला चहा देताना सहज सांगितली, "माझी पोटरी भरून आलीय रे." तेव्हा मी ती नुसती ऐकली. तिचं वजन दुसऱ्या दिवशी कळलं.

काम सुरू करण्याआधी मी एक गोष्ट बदलायला लावली. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून खाली दोन चिरे लावले होते. आपल्याकडे चिरा हाताशी असतो, म्हणून प्रत्येक घरी हेच करतात. पण चिऱ्याला भार सपाट आणि पसरून पडला तर तो भिंत पेलतो. गाडीच्या पत्र्याची कड त्याच्या एका टोकावर टेकली आणि वर तो पावसात भिजलेला असला, तर न सांगता फुटतो. त्याखाली माणूस झोपलेला असतो. शेजाऱ्यांकडून दोन लोखंडी स्टॅण्ड आणले, त्यांच्याखाली फळ्या घातल्या, कारण अंगणाची माती ओली होती, आणि मगच चाकं काढली.

आधी पाय

इंजिन बंद ठेवून मी पेडलवर बसलो. आधी पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधली, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली, शिल्लक पोकळी संपवली. हे केलं नाही तर बूस्टरची मदत मध्ये येते आणि पायाला खरं काही कळत नाही. मग थांबून एकदा दाबलं. पेडल बरंच खाली गेलं आणि शेवटी घट्ट असं काही लागलंच नाही, उशी दाबल्यासारखं. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं तर थोडं वर लागलं, पण तळाशी तीच उशी.

पेडल खाली जातं पण शेवटी दगडासारखं घट्ट लागतं, तेव्हा दोष बहुधा अंतराचा असतो. मागचे शू ड्रमपासून लांब आहेत, पिस्टनला जास्त सरकावं लागतंय. पेडल शेवटपर्यंत स्पंजासारखं राहतं तेव्हा आत हवा आहे, नाहीतर एखादा जुना रबरी पाइप दाबाखाली फुगतोय. आणि पेडल वर घट्ट लागून मग पायाखाली हळूहळू बसत जातं, तेव्हा तेल कुठून तरी निसटतंय, बाहेर तरी किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत. या तीन तऱ्हा पायाने ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

एका गोष्टीने मात्र पुष्कळ जण घाबरतात, ती नीट सांगतो. इंजिन बंद असताना पंप करून पेडल घट्ट करा, पाय तसाच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जातं. ते जायलाच हवं. बूस्टर काम करतोय याची ती खूण आहे, बिघाडाची नव्हे.

मी लाकडी पट्टी घेतली आणि जमिनीपासून पेडलची उंची मोजली. मोकळं पेडल १७० मिमीवर. जोरात दाबून धरल्यावर ३० मिमी. हे आकडे भाच्याला वहीत लिहायला लावले. पायाची आठवण फसवी असते. एखादी दुरुस्ती केली की सुधारणा झाली असं वाटायला लागतं, आणि पट्टी ते वाटणं खरं की खोटं ते सांगते.

पहिला थर: मागचे शू

हॅण्डब्रेक तीन खटके ओढून पुन्हा पेडल दाबलं. उंची ३० वरून ५० मिमीच्या आसपास आली. हॅण्डब्रेक ओढल्यावर शू ड्रमच्या जवळ सरकतात, म्हणून पेडलला तेवढं अंतर कमी कापावं लागतं. फरक पडला याचा अर्थ शू सैल बसवलेले आहेत. ही चाचणी फुकटची आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. कुठल्याही मागे ड्रम असलेल्या गाडीवर सगळ्यात आधी हीच करावी असं माझं मत आहे.

ड्रम काढले. नव्या शूंना लायनर (घासणारं अस्तर) जाड असतं, म्हणून ड्रम बसावा यासाठी भाच्याने शूंचं अंतर ठरवणारी दातेरी चक्री पार मागे फिरवली होती आणि ड्रम चढवल्यावर ती परत पुढे आणायची राहिली होती. ड्रम हाताने फिरवताना लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत चक्री पुढे आणली. दोन्ही बाजूंना सारखी. हॅण्डब्रेक सोडून पेडल मोजलं, ५० मिमी. उशी मात्र होती तशीच.

दुसरा थर: हवा जाते कुठे

आता हवेचा शोध. भाच्याने ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, मी पेडल सात-आठ वेळा भरभर दाबलं आणि पाय एकदम उचलला. डबीतून कारंज्यासारखी उसळी आली. आत दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, पाय सुटला की ती तेलाला जोराने मागे लोटते. ही चाचणी करताना वर फडकं धरावं, ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नये, भरपूर पाणी ओतावं, ते पाण्यात विरघळतं.

हवा नक्की होती. मग दोन दिवसांत निघाली कशी नाही? निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोटीला, लावलेल्या नळीतून बुडबुडे येणं पहिल्याच संध्याकाळी थांबलं होतं, असं भाचा शपथेवर सांगत होता. त्याचं खरं होतं.

मी उताणा होऊन पुढच्या उजव्या चाकाच्या कमानीत विजेरी मारली. नवा कोरा कॅलिपर, पिवळसर मुलामा चकाकतोय. रबरी पाइप वरून येऊन त्याच्या मधल्या भागात बॅन्जो बोल्टने, म्हणजे आतून तेल जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टने, आवळलेला. त्या पाइपवर लांबीने छापलेली एक पांढरी रेघ असते. ती सरळ खाली यायला हवी होती, पण अर्धा वेढा घेऊन पाइपच्या मागच्या बाजूला गेली होती. पाइप पिळला होता. आणि निपल कुठे? मी वर बघत होतो, मला दिसेना. मग विजेरी खाली नेली. रबरी टोपी घातलेलं निपल कॅलिपरच्या सगळ्यात खालच्या टोकाला, जमिनीकडे तोंड करून बसलेलं होतं.

डाव्या बाजूला गेलो. तिथेही तेच.

दोन्ही खोकी एकदम उघडली होती आणि डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसला होता. पुष्कळ गाड्यांचे पुढचे दोन कॅलिपर एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. बोल्टांची भोकं जुळतात, पॅड बसतात, डिस्क फिरते, सगळं काही बरोबर दिसतं. बदलते ती एकच गोष्ट, निपलची जागा. निपल वरच असायला हवं, कारण हवा वर जाते. ते खाली गेलं की पाइपातून आलेलं तेल खालच्या निपलमधून स्वच्छ, एकही बुडबुडा न घेता बाहेर पडतं, आणि हवेचा गोळा पिस्टनच्या मागे वरच्या कोपऱ्यात मजेत बसून राहतो. दोन डबे तेल ओतलं असतं तरी तो हलला नसता.

किती हवा होती, हे मला नंतर आकड्यांतून काढावंसं वाटलं. कॅलिपर योग्य बाजूंना लावून हवा काढल्यावर पेडलची उंची ५० वरून ९५ मिमीवर आली, म्हणजे ४५ मिमीचा फरक. पेडलच्या तरफेचं गुणोत्तर साधारण ४ धरलं तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन ११ मिमीच्या आसपास सरकत होता तो नुसता हवा दाबण्यात. सिलिंडरचा आतला व्यास २० मिमी धरला तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर. गुणाकार केला की येतात साडेतीन मिलिलिटर. दोन्ही कॅलिपर मिळून एक चहाचा चमचासुद्धा भरला नसता. ब्रेकच्या नळीत हवेच्या दाबाच्या ५० पट दाब आला की तीच हवा पन्नासाव्या हिश्शावर येते, म्हणजे जवळजवळ नाहीशीच होते, आणि तिची सगळी जागा आपल्या पायाला भरून काढावी लागते. एवढीशी हवा एवढं पेडल खाते. हा हिशेब मी भाच्याच्या वहीत करून दाखवला तेव्हा तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

यात आणखी एक धोका होता. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग तिरके असतात. एका मार्गावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक, दुसऱ्यावर पुढचं उजवं आणि मागचं डावं. एक मार्ग निकामी झाला तरी दुसऱ्याने गाडी थांबावी म्हणून ही योजना. पण दोन्ही पुढच्या कॅलिपरांत हवा राहिली तर दोन्ही मार्गांत दोष येतो, आणि ती राखीव सोयच उरत नाही. वाड्यातल्या त्या उतारावर पेडल तळाला गेलं त्याचं कारण हेच.

कॅलिपरांची अदलाबदल करण्याचं काम दुपारभर चाललं. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे घातले. एकदा आवळलेला तांब्याचा वायसर दबलेला असतो, परत वापरला की तिथून बारीक पाझर सुरू होतो. पाइपवरची पांढरी रेघ सरळ आली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाइप टायरला कुठे घासत नाही ना, हे दोघांनी मिळून पाहिलं. आधीच्या पिळलेल्या अवस्थेत तो डावीकडे पूर्ण वळवल्यावर टायरपासून बोटभरच लांब होता.

तेलाबद्दलही बोललो. भाच्याने भरलेलं ऑइल अर्ध्या वापरलेल्या डब्यातलं होतं, तो डबा वर्षापूर्वी उघडलेला. आपल्याकडे, त्यातही पावसात, हे चालत नाही. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. कोरडं असताना डॉट ३ प्रकारचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा १४० आणि १५५ वर येते. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातलं पाणी वाफ होतं. वाफ म्हणजे पुन्हा हवाच. घरच्या अंगणात घट्ट असलेलं पेडल घाटात अर्ध्यावर मऊ पडतं ते यामुळे. सीलबंद नवा डबा आणला, झाकणावर छापलेल्याच प्रकाराचा. आणि रबरी भाग धुवायला रॉकेल, डिझेल, पेट्रोल यातलं काहीही वापरायचं नाही, हे मी दोनदा बजावलं. ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात. गॅरेजमध्ये डिझेलच्या बादलीत सगळे भाग एकत्र बुडवायची सवय असते, तिथे ब्रेकचे भाग वेगळे ठेवायला सांगावेत.

हवा काढताना या वेळी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, म्हणजे पेडल तळापर्यंत जाणारच नाही. ताईला सांगितलं, "घाई नको. हळू दाब, मी सांगेपर्यंत धर, निपल आवळल्यावर सोड." दाब, धर, सोड. निपल उघडं असताना पाय सुटला की बाहेरची हवा आत खेचली जाते, म्हणून "आवळलं" हा शब्द ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. क्रम गाडीच्या पुस्तिकेत होता तो धरला, मागचं डावं, मग पुढचं उजवं, मागचं उजवं, शेवटी पुढचं डावं. पुढच्या उजव्या निपलमधून पहिल्याच दाबात एक मोठा बुडबुडा गुडगुडत निघाला आणि बाटलीतल्या तेलात फुटला. दोन दिवस जे निघत नव्हतं ते दोन सेकंदांत निघालं. भाच्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही.

पेडल ९५ मिमीवर घट्ट लागलं. माझ्या मते काम झालं होतं.

तिसरा थर: हळूहळू बसणारं पेडल

निघण्याआधी एक शेवटची चाचणी करायची माझी सवय आहे. इंजिन चालू ठेवून पेडलवर हलका, सारखा दाब द्यायचा, सिग्नलला थांबल्यावर देतो तेवढा, आणि एक मिनिट तसंच बसायचं. जोरात दाबलं की पेडल घट्ट राहिलं. हलक्या पायाने मात्र ते सावकाश खाली जाऊ लागलं. मिनिटभरात ९५ वरून ७०. पाय उचलून पुन्हा दाबलं की परत वर.

जोरात दाबून चाचणी करणाऱ्याला हा दोष दिसत नाही. जास्त दाबाखाली पिस्टनवरच्या रबरी सीलची कड सिलिंडरच्या भिंतीवर आवळून बसते आणि चीर झाकली जाते. दाब कमी असताना ती कड सैल राहते आणि तेल तिच्या बाजूने मागे सरकतं. शहरातल्या गर्दीत, सिग्नलला, चढावर थांबलेल्या गाडीत हीच स्थिती असते.

बाहेर गळती कुठेच नव्हती. चारही चाकांच्या आतल्या बाजू, नळ्यांचे सांधे, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधली फट, सगळीकडे कागद फिरवून पाहिला, कोरडा. तेव्हा संशय मास्टरवर गेला. खात्री करायला कुंडईहून आणलेले योग्य आट्यांचे बूच मास्टरच्या बाहेर पडणाऱ्या वाटांना लावून नळ्या वेगळ्या केल्या. आता तेल बाहेर जायला जागाच नाही, पेडल दगडासारखं राहायला हवं. तरीही ते हळूहळू बसलं. दोष मास्टरच्या आत आहे, यात शंका उरली नाही.

मास्टर उघडला. पिस्टन रोज जिथवर जातो तो भाग आरशासारखा चकचकीत. त्याच्या पुढच्या टोकाला, सुमारे बोटाच्या पेरभर जागेत, तपकिरी थर आणि टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. पंधरा वर्षांत पिस्टन तिथे कधी गेलाच नव्हता, कारण चालू ब्रेकमध्ये पेडल तळापर्यंत जात नाही. तिथे ओल साचली, गंज चढला. हवा काढताना मात्र पेडल तळापर्यंत दाबलं गेलं, एकदा-दोनदा नव्हे, दोन संध्याकाळ. प्रत्येक वेळी मऊ रबरी सील त्या खड्ड्यांवरून ओढला गेला. सीलच्या कडेला नखाने खरवडल्यासारखी चीर पडली होती, बोट फिरवलं की लागत होती.

ताईची पोटरी मला तेव्हा आठवली. तिने सांगितलं तेव्हाच मी विचारायला हवं होतं की पेडल कुठवर दाबत होतीस. जुन्या गाडीत हवा काढायची तर पेडल तळाला न्यायचं नाही, हे फोनवरच सांगायला हवं होतं. पेडलखालचा ठोकळा मी तिसऱ्या दिवशी ठेवला, तोवर नुकसान झालेलं होतं. ताईला मात्र मी स्पष्ट सांगितलं की यात तुझी काही चूक नाही. तुला जे सांगितलं ते तू केलंस.

नुसते सील बदलायचे की पूर्ण मास्टर, यावर भाचा आणि मी थोडा वेळ बोललो. सीलचा किट स्वस्त मिळतो, आणि आतली भिंत गुळगुळीत असेल तर तो पुरतो. इथे खड्डे पडले होते. नवा सील त्याच खड्ड्यांवर घासला असता. पूर्ण नवा मास्टर घेतला. फोंड्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीबाबांनी दुकानदाराला फोन करून योग्य व्यासाचा आहे ना ते विचारून घेतलं. ते महत्त्वाचं होतं. व्यास बदलला की पेडलचा घट्टपणा आणि लागणारा जोर दोन्ही बदलतात.

नवा मास्टर गाडीत चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्याची हवा काढली. दोन छोट्या नळ्या बाहेर पडणाऱ्या वाटांतून वळवून परत डबीतल्या तेलात बुडवल्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पिस्टन सावकाश आत-बाहेर केला. सुरुवातीला भराभर बुडबुडे, मग एखाद-दुसरा, मग बंद. हे टाळलं तर कोऱ्या मास्टरमधली हवा गाडीत चढवल्यावर काढता काढता नाकी नऊ येतात. बूस्टरचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात अगदी थोडी मोकळीक आहे ना, तेही पाहिलं. ती नसली तर ब्रेक कायम किंचित लागलेले राहतात, तापतात, आणि तापल्यावर पुढची गोष्ट वर सांगितलीच आहे.

मग पुन्हा चारही चाकांची हवा काढली, ठोकळ्यासकट. पेडल ९८ मिमीवर. हलक्या पायाने एक मिनिट, ९८. दोन मिनिटं, ९८.

एवढ्याने लगेच रस्ता धरला नाही. रविवारी औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर आधी चालण्याच्या वेगाने, मग २०, मग ४० किलोमीटरवर थांबून पाहिलं. नवे पॅड डिस्कला नीट बसायला थोडे हलके ब्रेक मारावे लागतात, ते मारले. गाडी एका बाजूला ओढत नव्हती. परत येऊन चाकं हाताने फिरवली, कुठलंच चाक आवळलेलं नव्हतं. फर्मागुडीचा उतार सोमवारी सकाळी, रहदारी कमी असताना, मी शेजारी बसून उतरवला.

ज्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. गाडीत एबीएस असेल, आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना तो सक्तीचा आहे, तर त्याच्या यंत्रणेत अडकलेली हवा काही गाड्यांत नुसत्या पायाने निघत नाही, संगणक जोडून आतला पंप चालवावा लागतो. तिथे घरी झटत बसण्यात अर्थ नाही. आणि गाडी जुनी असेल तर हवा निघाल्यावरही राहणारी उशी रबरी पाइपची असू शकते. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने पाइप मुठीत धरावा. फुगताना हाताला कळतो.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणि ताईला घेऊन भाचा गाडीने मूळ घरी गेला. निघण्याआधी त्याने ऑइलच्या डबीवर पातळीची रेघ मारली होती. सात दिवसांनी परत आल्यावर त्याने मला डबीचा फोटो पाठवला. तेल रेघेवरच होतं. फोटोच्या कडेला चाकाची कमान आली होती. नव्या कॅलिपरवर त्याने पांढऱ्या रंगाने ठळक "उ" लिहिलं होतं आणि निपलच्या बाजूला वर तोंड केलेला बाण काढला होता.